टाइमशेअरमध्ये फसवणूक दोनदा होते

टाइमशेअर घेतलेल्या माणसाला विचारलं, नेमकं काय विकत घेतलंत, तर बहुधा उत्तर येतं, "रिसॉर्टमध्ये हिस्सा." करार उघडला की तिथे हिस्सा सापडत नाही. ठरावीक वर्षं, दर वर्षी ठरावीक रात्री, ठरावीक हंगामात, ठरावीक आकाराची खोली वापरायचा हक्क, एवढंच बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. इमारत कंपनीची असते, आणि काही ठिकाणी तर कंपनीनेही ती भाड्यानेच घेतलेली असते. मुदत संपली की हातात काहीच उरत नाही. नावावर खरेदीखत होणारे प्रकारही आहेत, पण त्यांत देखभालीच्या खर्चाची जबाबदारी मालक म्हणून कायमची अंगावर राहते. विक्रीच्या टेबलावर मात्र या सगळ्याला "गुंतवणूक" म्हणतात. पहिली फसवणूक या शब्दापासून सुरू होते आणि दुसरीही याच शब्दावर उभी राहते.

फोन येतो: सोडतीत तुमचं नाव निघालंय, भेटवस्तू घेऊन जा, पण नवरा-बायको दोघांनी यायचं. हा आग्रह विनाकारण नसतो. एकटा आलेला माणूस "घरी विचारून कळवतो" म्हणून उठू शकतो, दोघं समोर असली की ती वाट बंद होते. दीड तासाचं सांगून तीन-चार तास बसवलं जातं. सुट्टीवर वर्षाला किती खर्च करता ते तुमच्याच तोंडून वदवून घेतात, त्याला महागाई लावून वीस-पंचवीस वर्षांचा आकडा काढतात आणि शेजारी टाइमशेअरच्या सभासदत्वाची किंमत लिहितात. त्या कागदावर वार्षिक देखभाल शुल्क एक तर नसतंच, किंवा फक्त पहिल्या वर्षाचं असतं. महागाई हॉटेलच्या भाड्याला लावलेली असते, त्यांच्या शुल्काला नाही. नकार दिला की मॅनेजर येतो, किंमत उतरवतो आणि ही सवलत फक्त आजची म्हणतो. आजच का? कारण तुम्ही घरी जाऊन त्याच सभासदत्वाच्या पुनर्विक्रीच्या जाहिराती पाहिल्यात तर उद्या सही करणार नाही. तिथे ते मूळ किमतीच्या किरकोळ भागात पडून असतं, आणि तरीही गिऱ्हाईक मिळत नाही.

हिशेब स्वतः मांडून पाहा. किंमत 100 धरा, मुदत 25 वर्षं, वर्षाला 7 रात्री. देखभाल शुल्क पहिल्या वर्षी 3 आणि दर वर्षी 6 टक्के वाढ धरली, तर बाराव्या वर्षानंतर ते दुप्पट होतं, शेवटच्या वर्षी 12 च्या पुढे जातं, आणि 25 वर्षांत एकूण सुमारे 165 भरावे लागतात. म्हणजे मूळ किमतीपेक्षा शुल्कच जास्त. दुसऱ्या बाजूने बघा: 100 रक्कम 7 टक्क्यांनी ठेवली असती तर वर्षाला 7 मिळाले असते. ते 7 आणि शुल्काचे 3 मिळून 10, भागिले 7 रात्री. पहिल्याच वर्षी एक रात्र किमतीच्या जवळजवळ दीड टक्क्याला पडते, आणि मुद्दल परत येणार नाही हे यात अजून धरलेलंच नाही. तुम्हाला सांगितलेल्या किमतीचा दीड टक्का काढा आणि तेवढ्यात त्याच गावात तशी खोली मिळते का पाहा. हप्त्यांवर घेतलं तर आकडा आणखी बिघडतो: 15 टक्के व्याजाने 4 वर्षांत फेडलेले 100 जवळपास 134 होतात. शिवाय ज्या वर्षी गेला नाहीत, त्या वर्षीही शुल्क द्यावंच लागतं. थकलं की बुकिंग बंद.

बुकिंग मिळत का नाही, याचं उत्तर करारातच असतं. हंगामांना रंग किंवा श्रेणी असतात. स्वस्तातली श्रेणी घेतली असेल तर शाळांच्या सुट्ट्यांत तुम्हाला हक्कच नसतो. वरची श्रेणी असली तरी "उपलब्धतेनुसार" हा शब्द असतो, आणि बुकिंग खुलं झाल्याबरोबर धावणारे बाकीचे सभासदही तेच आठवडे मागत असतात. "जगभर कुठेही" म्हणतात ती सोय म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधला घेणं, आणि ही अदलाबदल वेगळ्या संस्थेमार्फत होते. तिचं सभासद शुल्क वेगळं आणि प्रत्येक अदलाबदलीचं शुल्कही वेगळं.

तोंडी दिलेल्या वचनांचं काय होतं? "पाच वर्षांनी कंपनी परत घेईल", "आठवडा भाड्याने द्या, शुल्क निघून जाईल" ही वाक्यं करारात नसतात. उलट, लिहिलेल्याखेरीज कोणतंही आश्वासन बंधनकारक नाही, असं कलम असतं आणि त्याखाली तुमची सही असते. विक्रेत्याला तेच वाक्य करारावर लिहून खाली सही करायला सांगा. खरं-खोटं तिथेच कळतं.

सही झालीच असेल तर पहिली गोष्ट म्हणजे माघारीची मुदत शोधणं. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार 14 दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे. माघारीचा नमुना अर्जच दिला नसेल तर मुदत आणखी एक वर्षाने लांबते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, फ्लोरिडात 10 दिवस. जिथे कायदा नाही तिथे काही करारांत थोडे दिवस दिलेले असतात, पण ते शेवटच्या पानांत दडलेले. फोनवर बोलण्यात दिवस घालवू नका. "दोन दिवसांत साहेब फोन करतील" हे मुदत उलटावी म्हणूनच सांगतात. रद्द करतो असं लेखी, करारात दिलेल्या पत्त्यावर आणि पद्धतीने, पोच मिळेल असं पाठवा.

आता दुसरी फसवणूक. आमच्या मते हीच जास्त क्रूर आहे, कारण आधीच पोळलेली माणसं हेरून ती केली जाते. सभासदांच्या याद्या बाहेर फिरत असतात. फोन करणाऱ्याला तुमचं नाव, रिसॉर्ट, भरलेली रक्कमसुद्धा माहीत असते, म्हणून तो खरा वाटतो. सांगतो की गिऱ्हाईक तयार आहे, भाव तुम्ही दिलेल्यापेक्षा जास्त, फक्त हस्तांतराचं शुल्क आधी भरा. ते भरलं की कर, मग ना हरकत दाखला, मग अडकलेली रक्कम सोडवण्याचा दंड. प्रत्येक रक्कम आधीच्या भरलेल्या पैशाच्या मानाने लहान वाटते, म्हणून माणूस भरत जातो. मेक्सिकोतल्या टाइमशेअरच्या अमेरिकी मालकांना असंच लुबाडणाऱ्या टोळ्यांमागे अमली पदार्थांचे माफिया आहेत. एफबीआयच्या नोंदींनुसार 2019 ते 2023 या काळात सुमारे 6,000 जणांनी जवळपास 30 कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी आल्या. पैसे गेल्यावर तिसरा फोन येतो, वकील किंवा सरकारी अधिकारी म्हणून: तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा.

खऱ्या व्यवहारात दलालाचा मेहनताना विक्री झाल्यावर, आलेल्या पैशातून कापला जातो. विकण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्या. "करारातून सोडवतो, तोवर शुल्क भरू नका" म्हणणाऱ्यांपासूनही जपा. सुटका होत नाही, थकबाकी मात्र वसुलीला जाते.

बाहेर पडायचंच असेल तर मूळ कंपनीला स्वतः लेखी विचारा, सभासदत्व परत घेता का. थकबाकी मिटलेली असेल तर काही कंपन्या घेतात. पैसे मिळतील ही आशा बहुधा सोडावी लागते, पण पुढची शुल्कं थांबतात. सभासदत्व रद्द झालं, बाकी काही नाही आणि वारसांवर बोजा नाही, अशी तीन वाक्यं असलेलं पत्र कंपनीकडून घ्या. त्यानंतरही "तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक आहे" असे फोन येत राहतील, कारण जुन्या यादीतलं नाव कोणी काढत नाही.