एम-३ ईव्हीएम संच: यंत्र भक्कम, मतपत्रिका सुमार

निकाल लागला की हरलेला पक्ष ईव्हीएमवर बोट ठेवतो, जिंकलेला तिची बाजू घेतो आणि पुढच्या निवडणुकीत दोघं आपापली जागा बदलतात. या गदारोळात यंत्राचे खरे गुणदोष बाजूलाच राहतात. लोकसभा-विधानसभेला वापरला जाणारा एम-३ संच बंगळुरूची बीईएल आणि हैदराबादची ईसीआयएल या सरकारी कंपन्या बनवतात. आमचं मत असं: यंत्र चांगलं आहे, त्यावर चिकटवलेली मतपत्रिका आणि ते हाताळण्याची शिस्त, या दोन ठिकाणी गोष्टी बिघडतात.

केंद्राध्यक्षाच्या टेबलावर मतं साठवणारं कंट्रोल युनिट, आडोशामागे बटणांचं बॅलट युनिट आणि दिलेलं मत चिठ्ठीवर छापून दाखवणारं व्हीव्हीपॅट, असा संच असतो. एका बॅलट युनिटवर १६ बटणं. अशी २४ युनिटं जोडता येतात, म्हणजे नोटा (‘यापैकी कोणीही नाही’) धरून ३८४ नावं. कंट्रोल युनिटला पक्ष ठाऊक नसतो, तिथे फक्त बटणाचा क्रमांक पोचतो. उमेदवाराचं नाव आणि चिन्ह भरलं जातं ते व्हीव्हीपॅटमध्ये, सिम्बॉल लोडिंग युनिटमधून. शंका घ्यायचीच तर या टप्प्यावर हजर राहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात ही लोडिंग युनिटं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं, ते योग्यच झालं.

व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते. चष्मा शोधणाऱ्या आजोबांना तेवढा वेळ पुरत नाही. चुकीची चिठ्ठी आली अशी तक्रार केली, तर नियम ४९ एमए प्रमाणे लेखी निवेदन देऊन चाचणी मत द्यावं लागतं आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते. या धाकाने खरी तक्रारही दबते. हा नियम बदलायला हवा.

व्हीव्हीपॅट हा संचातला सगळ्यात नाजूक भाग. मे २०१८ च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत बिघाडांमुळे ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. सेन्सरवर थेट पडणारा उजेड हे तेव्हा एक मोठं कारण निघालं. म्हणून आडोसा खिडकीसमोर किंवा बल्बखाली नको. सकाळी उमेदवाराच्या मतदान एजंटने हे आधी बघावं.

मतदानाच्या ९० मिनिटं आधी अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान होतं, किमान ५० मतांचं. ते संपलं की क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमाने दाबायची आणि व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. घाईत क्लिअर राहिलं तर चाचणीची मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीला ते यंत्र बाजूला ठेवावं लागतं. ज्याला लोक ‘घोळ’ म्हणतात, त्यातला मोठा वाटा अशा विसरण्याचा असतो. हे अभिरूप मतदान एजंटसमोरच करायचं असतं. तरी अनेक पक्षांचे एजंट मतदान सुरू झाल्यावर उगवतात.

आता मतपत्रिका. क्रम असा: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ अजित पवारांकडे गेलं. शरद पवारांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला, पण मुक्त, म्हणजे अपक्षांना घेता येणाऱ्या, चिन्हांच्या यादीत नुसती ‘तुतारी’ तशीच राहिली. त्या वर्षीच्या लोकसभेला साताऱ्यात या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि नुसत्या ‘तुतारी’वरच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीत तर ‘तुतारी’ घेतलेल्या अपक्षाचं आडनावही पक्षाचे उमेदवार भास्कर भगरेंचंच. त्याने १,०३,६३२ मतं घेतली. प्रत्येक मत चुकून पडलं असं म्हणता येणार नाही. पण इतकी जवळची दोन चिन्हं एकाच कागदावर छापू देणं हा आयोगाचा दोष आहे, आणि त्यात यंत्राचा काहीच हात नाही. २०२५ मध्ये बिहारच्या निवडणुकीपासून मतपत्रिकेवर उमेदवारांची रंगीत छायाचित्रं आणि मोठा ठळक टाइप आला. नामसाधर्म्यावर त्याचा उपयोग होईल, चिन्हांच्या साधर्म्यावर नाही.

पक्षाचं चिन्ह कागदावर येण्याआधी एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राची, लढाई असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत, शाईच्या सहीचा मूळ फॉर्म पोचला पाहिजे. रबरी शिक्क्याची सही चालत नाही. यादी लांबवत नेणारे पक्ष इथेच आपल्या माणसाला अपक्ष करून टाकतात.

संध्याकाळी नमुना १७-सी घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. त्यावर कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि नोंदलेली एकूण मतं असतात. मतमोजणीच्या टेबलावर आधी क्रमांक जुळवायचा, मग एकूण, मग रिझल्ट. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याही मोजतात, तिथेही माणूस बसवावा. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ७ दिवसांत ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. २०२४ मध्ये त्यासाठी संचामागे ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी होता, अपक्षाच्या आवाक्याबाहेरचा.

महापालिकेचा अनुभव या संचावरून ठरवू नका. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई सोडून बहुतेक शहरांत चार सदस्यांचे प्रभाग होते आणि व्हीव्हीपॅट नव्हतं. तिथे अ, ब, क, ड प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं, नको असेल तर त्या जागेचा नोटा. शेवटचं मत दिल्यावरच लांब बीप वाजतो, तोपर्यंत आडोशामागून हलायचं नाही.