अटारीचा ई.टी. सलग चार संध्याकाळी खेळलो, त्याबद्दल

जगातला सगळ्यात वाईट व्हिडिओ गेम कुठला असं विचारलं की अटारी २६०० या जुन्या, टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवरचा ई.टी. हे नाव हमखास निघतं; पृथ्वीवर अडकलेल्या परग्रहवासी ई.टी.च्या सिनेमावरून केलेला हा गेम. इतक्यांदा ऐकलं की शेवटी लॅपटॉपवर स्टेला इम्युलेटर (जुने अटारीचे गेम लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकला, जॉयस्टिक जोडला आणि चार संध्याकाळी फक्त हाच गेम खेळलो.

पहिली संध्याकाळ वाईट गेली. चालायला लागलो की खड्ड्यात, मान लांब करून तरंगत वर यायचं, वर आलो की परत त्याच खड्ड्यात, आणि प्रत्येक वेळी ९९९९ पासून सुरू झालेली एनर्जी कमी कमी होत जाते. राग येतो तो पडण्याचा नाही, पाय खड्ड्यापासून चांगले लांब दिसत असताना पडण्याचा. त्याचं कारण असं की ई.टी.च्या चित्राचा कुठलाही भाग, अगदी डोक्याचं टोकसुद्धा, खड्ड्याच्या चित्राला शिवलं की गेम त्याला पडला असं धरतो. आपण बघतोय बाजूनं उभा असलेला ई.टी. आणि गेम हिशोब करतोय वरून बघितल्यासारखा. ही चूक मोठी आहे आणि ती मी माफ करणार नाही, कारण सगळा गेमच खड्ड्यांचा आहे.

दुसऱ्या दिवशी मॅन्युअल वाचलं आणि चित्रच पालटलं. टेलिफोनचे तीन तुकडे खड्ड्यांमध्ये लपलेले असतात, ते शोधायचे, घरी नेणाऱ्या अंतराळ जहाजाला फोन लावायचा आणि वेळ संपायच्या आत जंगलात ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. स्क्रीनवर जिथे उभे असाल त्याप्रमाणे वर एक चिन्ह बदलत असतं, प्रश्नचिन्ह आलं की बटण दाबायचं, त्या स्क्रीनवरच्या खड्ड्यात तुकडा असेल तर कळतं. म्हणजे उगाच प्रत्येक खड्ड्यात उडी मारायची गरजच नाही! एफबीआयवाला तुकडे पळवतो, शास्त्रज्ञ धरून नेतो, सिनेमातला त्याचा मित्र, एलियट नावाचा मुलगा, मदतीला येतो, कोमेजलेलं फूल सापडलं तर त्याला जिवंत करता येतं. १९८२ मध्ये, ज्या मशीनला १२८ बाइट रॅम होती त्याच्यावर हे सगळं बसवलंय, मला तर खरंच कौतुक वाटतं.

आणि बसवलं कुणी, तर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकाच माणसानं, पाच आठवड्यांत. सिनेमाचे हक्क मिळायला जुलै १९८२ संपत आला, ख्रिसमसला माल दुकानात पाहिजे होता. याच माणसानं त्याआधी यार्स रिव्हेंज केला होता, तो खेळून बघा म्हणजे कळेल त्याला काम येत होतं की नाही. आणखी महिनाभर मिळाला असता तर ही खड्ड्यांची भानगड नक्की सुटली असती असं माझं ठाम मत आहे. कंपनीनं कॅसेटी मात्र लाखोंनी छापल्या, त्यातल्या बऱ्याच खपल्या नाहीत, आणि १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत माल पुरला. २०१४ ला तिथे खणलं तेव्हा ई.टी. सापडला, पण त्याच्यासोबत सेंटिपीडसारखे चांगले गेमसुद्धा निघाले. ते कुणी सांगत नाही. शिव्या एकट्या ई.टी.ला.

खेळणार असाल तर गेम नंबर ३ पासून (म्हणजे याच गेममधल्या तिसऱ्या, सोप्या प्रकारापासून) सुरुवात करा, त्यात एफबीआयवाला आणि शास्त्रज्ञ नसतात, फक्त एलियट असतो, शांतपणे खड्ड्यांचा अंदाज येतो. वर आल्यावर जॉयस्टिक लगेच सोडायचा, घाईत दाबून ठेवला की परत आत. एका चाहत्यानं खड्ड्यांचा हिशोब दुरुस्त केलेली आवृत्तीही काढलीये, पण ती नंतर खेळा, आधी मूळचा खेळा म्हणजे नेमकं कुठे बिघडलं ते हाताला कळेल.

माझ्याकडून पाचपैकी अडीच. चौथ्या संध्याकाळी तिन्ही तुकडे जमले, फोन लागला, घड्याळ चालू झालं, मी जंगलात जाऊन थांबलो आणि वरून जहाज खाली आलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.