दातांची सफाई: डेंटल कॉलेज की घराजवळचं क्लिनिक?

नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे... नवी मुंबईत डेंटल कॉलेजांना तोटा नाही. तिथे स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर (कीटण) काढणं, विद्यार्थी करतात आणि शिक्षक तपासतात. फी क्लिनिकपेक्षा बरीच कमी, पण केसपेपर, रांग आणि ‘थांबा हं, मॅडमना दाखवते’ यात अर्धा दिवस जातो. क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट घेतली की तासाभरात मोकळे.

विशी-पंचविशीत हिरड्या धडधाकट असतील तर क्लिनिकच बरं. कीटण बहुधा खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला असतं, कारण लाळग्रंथी तिथेच उघडतात. ते पटकन निघतं. ब्रेसेस असतील तर मात्र सफाई जास्त वेळा लागते.

चाळिशीनंतर माझं मत कॉलेजला. हिरडी आणि दात यांच्यातली फट खुणा केलेल्या बारीक सळईने मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 5-6 निघाली तर वरवरच्या सफाईने भागत नाही, मुळांपर्यंत खरवडावं लागतं. कॉलेजात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि एकेका दाताची मापं लिहून घेतात. घाईच्या क्लिनिकात सळई बाहेरच येत नाही, तेव्हा ‘फट मोजली का?’ असं खुशाल विचारा.

आजी-आजोबांना रांगेत ताटकळवू नका, क्लिनिकच गाठा. मधुमेह असेल तर आधी सांगा: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. मिश्री किंवा तंबाखूची सवयही लपवू नका. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि दुखणं झाकून राहतं.

कॉलेजात जायचंच तर सकाळी लवकर जा, परीक्षेच्या दिवसांत आधी फोन करा.