कोल्हापूरला कायमचं परत यायचंय: भारतीय पासपोर्टवर की ओसीआयवर?

अमेरिकेत ग्रीन कार्डवर (तिकडं कायम राहायच्या परवान्यावर) बरीच वर्षं काढून आता गावाकडं यायचं म्हणणाऱ्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, आधी तिकडचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात राहण्यासाठी मिळणारं कार्ड) यावं का आपला पासपोर्ट ठेवून तसंच यावं. दोन्ही ठेवता येत नाहीत, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणं तिकडचं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं, मग जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, ओसीआयला ते लागतंच.

माझं स्पष्ट मत आहे, आधी शेतीचं बघा. ओसीआयवाल्याला फ्लॅट, बंगला, एनए (बिगरशेती) प्लॉट सगळं घेता येतं पण शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, वडिलोपार्जित वारसानं आली तर चालतं. भारतीय पासपोर्टवाल्यालाही एनआरआय असेपर्यंत हेच बंधन, पण तो कायमचा राहायला आला की ते सुटतं, फक्त कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळं शेतकरी असल्याचा पुरावा लागतो म्हणजे सातबाऱ्यावर नाव पाहिजे. आणि आपल्याकडं नावाचा घोळ ठरलेला, सातबाऱ्यावर बाळासो, पासपोर्टवर बाळासाहेब, मग दोन्ही व्यक्ती एकच म्हणून प्रतिज्ञापत्र करा, तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज द्या, फेरफार मंजूर व्हायची वाट बघा. आईवडील आहेत तोवर सुट्टीला आलात की हे कागद तपासून घ्याच, नंतर भावाबहिणींची फार ओढाताण होते.

आधार भारतीय पासपोर्टवर आल्याआल्या काढता येतं, ओसीआयवाल्याला मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथं राहिल्याशिवाय मिळत नाही, आणि इथं तर पावलापावलाला आधार मागतात. मतदान फक्त भारतीय नागरिकाला.

आता दुसरी बाजू, मुलं तिकडं कॉलेजात असतील तर ग्रीन कार्डाची खरी अडचण कळते. वर्षाच्या वर बाहेर राहिलं की नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही, निघायच्या आधी री-एन्ट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज केला तर साधारण दोन वर्षं मिळतात, पुढं व्हिसा काढून जायचं. नागरिक झालात तर ही कटकट नाही, पण कोल्हापुरात राहूनही तिकडचं टॅक्स रिटर्न दरवर्षी भरायचं आणि इथल्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की तेही तिकडच्या सरकारला कळवायचं. ग्रीन कार्डवाल्यालाही हे सुटत नाही, म्हणून कार्ड नको असेल तर फॉर्म आय-४०७ भरून ते रीतसर परत करा, नुसतं कपाटात ठेवून चालत नाही.

इकडचा इन्कम टॅक्स दोघांना सारखाच. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल तर सुरुवातीला आरएनओआर (निवासी, पण सामान्य निवासी नाही) दर्जा मिळतो आणि त्या काळात तिकडच्या पगार-व्याजावर इथं कर लागत नाही. एनआरई खातं (एनआरआयचं परदेशातल्या कमाईचं इथलं बँक खातं) मात्र परत आल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही, बँकेला लगेच सांगा.

मुलं तिकडंच राहणार असतील तर ओसीआय घ्या, घरची शेती करायची, वाढवायची असेल तर पासपोर्ट सोडू नका, कारण परत भारतीय व्हायचं म्हटलं तर ५ वर्षं ओसीआय, त्यात अर्जाआधीचं वर्षभर इथं वास्तव्य, आणि मग तिकडचं नागरिकत्व सोडायचं.