ब्लॅक फॉरेस्टमध्ये वाट काढायची: कुऱ्हाडीने की ऑनेजरने?

एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटर गेममधला, घनदाट जंगलाचा ब्लॅक फॉरेस्ट मॅप खेळताना हा पेच एकदा तरी पडतोच. समोरच्याने खिंडीच्या तोंडाशी भिंतींच्या तीन रांगा घातल्यात, मागे किल्ले उभे केलेत. म्हणजे आता आत शिरायचं ते जंगल फोडूनच. कुऱ्हाडवाले व्हिलेजर (कामकरी गावकरी) लावायचे, की ऑनेजर (दगड फेकणारं वेढ्याचं यंत्र)?

कुऱ्हाडीचा फायदा उघड आहे. प्रत्येक झाडामागे १०० लाकूड पदरात पडतं, आणि वीस-तीस व्हिलेजर तसेही जंगलात राबत असतातच. ऑनेजरसारखं इम्पीरियल एज या शेवटच्या युगापर्यंत थांबावं लागत नाही. ऑनेजरच्या दगडाने आडव्या झालेल्या झाडाचं लाकूड मात्र गेलंच, शिवाय ऑनेजर मिळवायच्या अपग्रेडचे ८०० अन्न आणि ५०० सोनं वेगळं. कागदावर बघाल तर कुऱ्हाडच सरस.

पण मला वैताग आणला तो व्हिलेजरांच्या भरकटण्याने. एका खेळात आठजण शत्रूच्या दिशेने लावले आणि दुसऱ्या टोकाला लढाईत गुंतलो. झाड संपलं की हे लोक हाताशी येईल ते पुढचं झाड धरतात. तुमची दिशा त्यांच्या गावीही नसते. थोड्या वेळाने येऊन पाहतो तर सरळ वाटेऐवजी छान गोल मैदान तयार! शेतं पेरावीत असं. आणि शत्रूच्या बाजूची चार झाडांची जाडी जशीच्या तशी. मग एकेकाला परत झाड दाखवत बसा, लंबर कॅम्प (लाकूड जमा करायचं ठाणं) पुढे नवा बांधा. तेवढ्यात तिकडची लढाई हातची गेली.

ऑनेजरला अटॅक ग्राउंड (ठरावीक जागेवर मारा) हा हुकूम देऊन जागा दाखवली की दगड तिथेच पडतो, आणि एका फेकीत दोन-तीन झाडं जातात. रेघ सरळ राहते. अर्थात हा दगड आपला-परका बघत नाही. माझे हॅल्बर्डियर (भालेवाले सैनिक) उतावीळपणे पुढे घुसले आणि आमच्याच दगडाखाली गेले. तेव्हापासून सैन्य मागेच थांबवतो.

खेळायला तुर्क ही संस्कृती घेतली असेल तर ऑनेजर मिळतच नाही, तिथे कुऱ्हाडच बरी. केल्ट असतील तर दोन्हीकडे चंगळ: लाकूडतोडे १५ टक्के जलद, वेढ्याची यंत्रंही भराभर मारा करतात. आणि खेळ लवकर संपवायचा असेल, इम्पीरियलला पोचायची वाटच बघायची नसेल, तर कुऱ्हाड घ्या, फक्त नजर तिथून हलवू नका. मला ते जमत नाही. त्यामुळे हल्ली दोन ऑनेजर झाडीच्या कडेला आणून ठेवतो, आणि व्हिलेजर आपल्या बेसजवळ हवे तेवढे भरकटू देतो.