बडोद्यातील एक बालरुग्णालय : उपचार चोख, गोपनीयता उघड्यावर

जुलै २०२४ मध्ये गुजरातेत मेंदूज्वर घडवणाऱ्या चांदीपुरा विषाणूची साथ असताना माझ्या भाच्याला तीव्र तापामुळे बडोद्यातील एका खासगी बालरुग्णालयात दाखल करावे लागले. उपचारांबद्दल तक्रार नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ताईला प्रत्येक तपासणी मराठीत समजावून सांगितली, आणि दांडिया बाजार या जुन्या मराठी वस्तीबाहेर हे सुख विरळाच. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा अहवाल येण्यापूर्वीच स्वागतकक्षातील फलकावर भाच्याचे नाव आणि ‘संशयित चांदीपुरा’ असा शेरा झळकत होता, व एका वाहिनीच्या कॅमेरामनने तो खुशाल टिपला. अहवाल निर्दोष आला, तरी भाचा घरी परतल्यावर पोळातील (गल्लीवजा वस्तीतील) पालक मुलांना त्याच्यासोबत खेळू देईनात. वास्तविक हा विषाणू मुख्यतः वालुमाशीच्या चाव्यातून पसरतो. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांनुसार अधिसूचित (सरकारने नोंद बंधनकारक केलेल्या) आजाराची माहिती आरोग्य यंत्रणेला द्यावी लागते. ती वाहिनीला देण्याची मुभा त्यात नाही. बातमीसाठी जिल्हा, वयोगट आणि रुग्णसंख्या पुरेशी होती. आम्ही लेखी तक्रार केल्यावर फलक तासाभरात उतरला, पण कॅमेरा आत कोणी सोडला, याचे उत्तर व्यवस्थापनाने अद्याप दिलेले नाही. उपचारांना पाचपैकी चार तारे, गोपनीयतेला एक.