म्युझिक रूमच्या नावाखाली फसवणूक, पॅनल लावून घ्यायच्या आधी वाचा

नवीन घरात एक खोली फक्त गाणी ऐकायला ठेवायची हे आमचं आधीपासून ठरलेलं, त्यासाठी स्वतःला अकॉस्टिक कन्सल्टंट, म्हणजे खोलीतल्या आवाजाचा तज्ज्ञ, म्हणवणाऱ्या एकाला काम दिलं. नाव लिहीत नाही पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण हाच प्रकार अजून कितीजणांसोबत होत असेल देव जाणे.

रिकाम्या खोलीत येऊन त्याने जोरात टाळी वाजवली, खणखणीत प्रतिध्वनी आला. आवाज शोषणारे पॅनल भिंतींना लावल्यावर परत टाळी, आवाज एकदम सुका, घरातले सगळे खूश. खरी मेख इथेच आहे. टाळीत बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जवळपास नसतोच आणि वरचे आवाज पातळ फोमसुद्धा शोषतो. कॅटलॉगमध्ये एनआरसी 0.90 दाखवला तोही असाच, एनआरसी म्हणजे पॅनल किती आवाज शोषतो त्याचा आकडा, 250, 500, 1000 आणि 2000 हर्ट्झची सरासरी, त्याखाली काय होतं ते त्यात येतच नाही. आणि खोलीचा सगळा त्रास त्याखालीच असतो! आमची खोली 3.6 मीटर लांब आणि तेवढीच रुंद, म्हणजे 48 हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर लांबी आणि रुंदी दोन्हीकडून घुमतो. भिंतीजवळ बसलं की बास गिटारचा तो सूर नुसता फुगतो, खुर्ची मधोमध आणली की गायब. भिंत सरकवता येत होती तेव्हा हा माणूस प्लॅन बघून गेलेला, एक शब्द बोलला नाही.

मग एक पॅनल उतरवला तर दोन बोटांवर उचलला गेला. कोटेशनमध्ये 100 मिलिमीटर ग्लासवूल, 48 डेन्सिटी (घनमीटरला 48 किलो) असं लिहिलेलं. मागच्या कापडाच्या स्टेपल पिना काढल्या तर आत चार इंची लाकडी चौकट, पुढच्या कापडाला चिकटवलेला इंचभर फोम आणि बाकी पोकळ. कोपऱ्यातले बास ट्रॅप, म्हणजे बास शोषायचे पॅनल, उघडले, तेही तसेच!! शिवाय साधा फोम भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो, आणि हा त्याने अँप्लिफायरच्या वायरिंगला लागून बसवलेला, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

साउंडप्रूफ होईल हेही छातीठोकपणे सांगितलेलं. फोमने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्याला वजनदार भिंत, जिप्सम बोर्डचे दोन थर, जड दार आणि फटी बंद करणं लागतं, आमच्या दाराखाली तर बोट जाईल एवढी फट सोडलेली. शेवटी हातात दिलेल्या रिपोर्टमधे खोलीची उंची आमची नव्हतीच, कुठल्या हर्ट्झला आवाज किती येतो तो ग्राफ दुसऱ्या कुणाचातरी, तोही स्मूदिंग लावून, म्हणजे चढउतार पुसून, गुळगुळीत केलेला.

शेवटचा हप्ता मी अडवलाय, तो आता फोन उचलत नाही. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी पैसे सोडायच्या आधी आपल्या पसंतीचा एक पॅनल मागून उघडायला लावा, आणि 20 ते 200 हर्ट्झचा स्मूदिंग नसलेला ग्राफ, पॅनलच्या आधीचा आणि नंतरचा, माइक आपल्या खुर्चीच्या जागी ठेवून समोर काढून घ्या, त्यासाठी लागणारं आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) सॉफ्टवेअर फुकट मिळतं.